परतीची वाट

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी आसनगाव सोडून पुढे निघाली, की दोन्ही बाजूंचा मुलूख पालटू लागतो. घरांची दाटी विरळ होते, भाताची खाचरे लहान होत जातात आणि डोंगर रुळांच्या जवळ सरकतात. आटगाव व तानशेत ही स्थानके मागे पडली, की खर्डी येते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातले हे गाव. साग, ऐन, मोह आणि पळस यांचे रान त्याच्या आसपास पसरलेले आहे. नैर्ऋत्येकडे माहुली गडाचे सुळके आकाशात उभे असलेले दिसतात. याच रानाच्या कडेला मी शाळेत असताना आमचे चार दिवसांचे शिबिर झाले. त्या शिबिरात मी जे शिकलो, ते पुढे कोणत्याही परीक्षेत मला कोणी विचारले नाही; परंतु ते विसरण्याचा प्रसंगही कधी आला नाही.

पौषाचे दिवस होते. भात झोडून झाले होते, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि रिकाम्या खाचरांतून वालाची हिरवी रोपे डोलत होती. आम्ही सातवीची पस्तीस मुले-मुली, आमचे गुरुजी आणि चार शिक्षक असे सर्वजण गाडीने खर्डीस उतरलो. गुरुजींनी गावकऱ्यांची व वनखात्याची परवानगी आधीच घेतली होती. एका मोकळ्या खाचरात तंबू उभे राहिले. मग गुरुजींनी आमचे सात-सात जणांचे पाच गट केले आणि प्रत्येक गटास एक नायक नेमून दिला. आमच्या गटाचा नायक मी झालो. वर्गात माझा क्रमांक नेहमी पहिल्या तिघांत असे, त्यामुळे या निवडीचे मला मुळीच नवल वाटले नाही.

आमच्या गटात ठाकूरवाडीतला एक मुलगा होता. तो वर्गात शेवटच्या बाकावर बसे व विचारल्याशिवाय सहसा बोलत नसे. त्याचे घर याच रानाच्या पलीकडे होते. गटात तो असल्याचा आपल्याला काही उपयोग होईल, असे मात्र माझ्या मनात आले नाही.

संध्याकाळी गुरुजींनी सर्वांना गोल बसविले आणि ते म्हणाले, “मुलांनो, येथे नियम तीनच आहेत. प्रत्येक गटाने आपले पाणी आपण आणावे, आपली चूल आपण पेटवावी व विझवावी आणि आपली वाट आपण शोधावी. तुमच्या मागे हाकेच्या अंतरावर एक शिक्षक नेहमी असेल. जिवाला धोका दिसला, तर तो तुम्हांला तत्काळ थांबवील. एरवी तो काही बोलणार नाही.”

पाणी आणण्याचे काम सोपे वाटले होते. विहीर दूर होती एवढेच. आम्ही दोन हंडे भरून आणले, फडक्याने पाणी गाळले आणि पिण्याचे पाणी उकळून झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यापैकी एकाने त्यातलेच तांब्यावर तांब्या पाणी घेऊन चिखलाने भरलेले पाय स्वच्छ धुतले. दुपारी स्वयंपाकाला हात घातला तो हंडा रिकामा! मी तक्रार घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, “मग आता गटाने काय करावयाचे ठरविले आहे?” मी निमूटपणे परतलो. भर उन्हात आम्ही सातही जण पुन्हा विहिरीवर गेलो. तेथे पाड्यातल्या दोन बाया पाणी शेंदीत होत्या. त्यांच्या डोक्यावर दोन-दोन हंडे होते आणि त्यांची ही त्या दिवसातली तिसरी खेप होती.

जेवणानंतर गुरुजी म्हणाले, “या तालुक्याच्या पाण्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक असली पाहिजे. येथल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते. पुढे वैतरणेवर धरण झाले. ते १९५७ साली पूर्ण झाले व अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावावरून त्या जलाशयास मोडकसागर म्हणतात. भातसा नदीचे पाणीही मुंबईकडे जाते. तरीही या तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हंडा वाहून आणल्यावाचून पाण्याचे मोल कळत नाही.” ज्याने पाय धुतले होते, त्याने त्यानंतर शिबिर संपेपर्यंत पाणी वाटण्याचे काम आपण होऊन पत्करले. त्याला तसे करावयास कोणी सांगितले नव्हते.

त्या रात्री शेकोटीभोवती बसलो असता एका मुलीने धीटपणे विचारले, “गुरुजी, ही शाळा आहे की सहल?”

गुरुजी हसले आणि त्यांनी आम्हांला दोन हकिकती सांगितल्या.

पहिली हकिकत आपल्या शेजारची होती. ताराबाई मोडक या थोर शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९४५ साली अनुताई वाघ यांच्यासह डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथली वारल्यांची मुले शाळेत येत ना. ती आळशी नव्हती. दिवसभर त्यांना गुरे राखावी लागत आणि शाळेची वेळ तीच गुरे चारावयाची वेळ होती. पुष्कळांनी मुलांस दोष दिला असता. ताराबाईंनी वेगळा विचार केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांकडे जावे! शिक्षक गुरांबरोबर कुरणात जाऊ लागले. झाडाखाली वर्ग भरू लागला. खडे, पाने आणि बिया हे मोजणीचे साहित्य झाले. हीच त्यांची ‘कुरणशाळा’. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

“त्या मुलांना रानातले पुष्कळ काही आधीच येत होते,” गुरुजी म्हणाले, “शाळेने त्याचा मान राखला, म्हणून त्यांनी शाळेचे ऐकले.” हे बोलताना त्यांनी आमच्या गटाकडे पाहिले, असा मला भास झाला. त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळावयाचा होता.

दुसरी हकिकत सातासमुद्रांपलीकडची होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची व्यापारी जहाजे अटलांटिक महासागरात बुडविली जात. जहाज बुडाल्यावर खलाशी लहान होड्यांतून समुद्रावर तरंगत राहत. लॉरेन्स होल्ट नावाच्या एका जहाजमालकाच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. अशा प्रसंगी धडधाकट तरुण खलाशी दगावत आणि वयस्क, अनुभवी खलाशी मात्र पुष्कळदा तग धरीत. तरुणांच्या अंगात बळ कमी होते काय? नव्हे. संकटात धीर कसा धरावा, आपले बळ पुरवून कसे वापरावे, सोबत्यावर विसंबावे कसे, याचा सराव त्यांना नव्हता. मग होल्ट आणि कुर्ट हान या जर्मन शिक्षकाने १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही या गावी समुद्रकाठी एक शाळा काढली. तीत तरुणांना होडी वल्हविणे, डोंगर चढणे, दुसऱ्याचा जीव वाचविणे अशा कामांतून शिक्षण देत. पुढे त्या धर्तीच्या शाळा जगातील अनेक देशांत निघाल्या.

“तेव्हा ही सहलही आहे आणि शाळाही आहे,” गुरुजींनी शेवटी सांगितले. “येथे धडा तुम्हांला कोणी वाचून दाखविणार नाही, इतकेच.”

तो धडा मला तिसऱ्या दिवशी मिळाला.

शिबिराच्या पूर्वेस एक टेकडी होती. दुपारी जेवून निघावयाचे, माथ्यावर जाऊन खालच्या मुलखाचा कच्चा नकाशा काढावयाचा आणि दिवस मावळण्यापूर्वी परत यावयाचे, असे काम प्रत्येक गटास वेगवेगळ्या वाटेने दिले होते. गुरुजींनी एकच ताकीद दिली होती: “चार वाजता जेथे असाल तेथून माघारी फिरा. माथा दहा पावलांवर असला, तरी फिरा.” आमच्या मागून चालावयास बाई होत्या.

वाट दाट कारवीतून होती. कोणाच्या पायात काटा मोडला, कोणी वारंवार पाणी मागू लागले. अशाने वेळ गेला. मी घड्याळ पाहिले तो चार वाजले होते आणि माथा अगदी समोर दिसत होता! खाली दुसऱ्या एका गटाची शिट्टी ऐकू आली. ते लोक आपल्या आधी पोहोचतील, या विचाराने मला राहवेना. “चला, दहा मिनिटांचे काम आहे,” मी म्हणालो. ठाकूरवाडीतला तो मुलगा हळूच म्हणाला, “चार वाजले ना?” मी ऐकले न ऐकल्यासारखे केले. डोंगरातली दहा मिनिटे गावातल्या दहा मिनिटांएवढी नसतात. नकाशा काढून होईपर्यंत पाच वाजून गेले.

आता उतरण्याची घाई झाली. थोडे खाली आल्यावर वाटेला दोन फाटे फुटले. चढताना हे ठिकाण माझ्या लक्षातच आले नव्हते. मी मनाशी हिशेब केला: शिबिर टेकडीच्या पश्चिमेस आहे; सूर्य पश्चिमेस मावळतो; म्हणून सूर्याच्या दिशेने जाणारा डावीकडचा फाटा धरावा. हिशेब बिनचूक वाटला.

“ती वाट खाचराकडं नाय जात,” तो मुलगा म्हणाला, “ती मोळीवाल्यांची वाट हाये. पुढं कडा लागंल.”

“तुला काय ठाऊक? तू या टेकडीवर आला होतास का?” मी विचारले.

“या नाय आलो. पन वाट कळते.”

मी हसलो. दोघे-तिघे माझ्याबरोबर हसले. आम्ही डावीकडे निघालो. वीस-पंचवीस मिनिटांनी वाट तोडलेल्या फांद्यांच्या एका ढिगापाशी येऊन संपली. पुढे दहा-बारा पावलांवर जमीनच नव्हती. खाली काळोखी दरी होती. सूर्य टेकला होता. रानात अंधार आकाशातून उतरत नाही, तो झाडांच्या बुडख्यांतून वर चढतो, हे मी त्या संध्याकाळी प्रथम पाहिले. गटातल्या सर्वांत लहान मुलीने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. ती काही बोलली नाही. मी मागे वळून पाहिले. बाई थोड्या अंतरावर एका खडकावर बसल्या होत्या. त्यांनी आम्हांला कड्याच्या बाजूस जाऊ नका अशी हाताने खूण केली. पण तोंडातून एक अक्षरही काढले नाही.

त्या क्षणी मला अनेक गोष्टी सुचल्या. वाटच वाईट होती, असे म्हणावे. काटा मोडलेल्याने उशीर केला, असे म्हणावे. अथवा बाईंनाच शरण जावे. खरी गोष्ट मात्र एकच होती आणि ती जिभेवर येता येत नव्हती. अखेर मी म्हणालो, “माझे चुकले. चार वाजता फिरावयास हवे होते आणि याचे ऐकावयास हवे होते.” मग त्या मुलाकडे वळून मी विचारले, “आता तू पुढे होतोस का?”

त्याने ना मला टोमणा मारला, ना विजयाची मुद्रा केली. तो लगेच कामाला लागला. “आधी समदी बसा. पानी प्या. मग वर फाट्यापर्यंत जाऊ,” तो म्हणाला. आम्ही पाच मिनिटे बसलो आणि आश्चर्य असे, की सर्वांचा श्वास आणि मनही ठिकाणावर आले. तो विजेरी घेऊन पुढे चालला, लहान मुली मध्ये राहिल्या व मी शेवटी चाललो. दर शंभर पावलांवर मी माणसे मोजीत होतो. फाट्यावर आल्यावर त्याने एक मोडके वारूळ दाखविले, पुढे एक जळका बुंधा, त्यापुढे दोन खोडांचा एक मोह. चढताना आम्ही ही सारी झाडे पाहिली होती आणि तरीही पाहिली नव्हती.

“तुला हे कसे लक्षात राहिले?” मी विचारले.

“येताना मागं वळून वळून बघायचं,” तो म्हणाला. “जाताना वाट एक दिसते, परतताना दुसरीच दिसते. बापानं सांगितलंय, परतीची वाट जातानाच बघून ठेवायची.”

आम्ही शिबिरात पोहोचलो, तेव्हा साडेसात वाजून गेले होते. बाकीचे गट केव्हाच आले होते. एक गट तर माथ्यापर्यंत न जाताच ठरल्या वेळी परतला होता. गुरुजींनी आधी सर्वांचे हातपाय तपासले, गरम भात वाढला आणि नंतर शेकोटीजवळ मला उभे केले. “नायकाने आजची हकिकत सांगावी,” ते म्हणाले. मी ती सांगितली. माथ्याचा मोह, चार वाजलेले घड्याळ, ऐकून न ऐकलेला सल्ला आणि आमचे हसणे, यांतले काहीही मी वगळले नाही. सांगून होईपर्यंत माझे कान तापले होते. परंतु खाली बसताना मन पिसासारखे हलके झाले होते.

गुरुजींनी अंधारातल्या माहुलीकडे बोट दाखविले. “पुरंदरच्या तहात, १६६५ साली, हा गड मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी त्यावर हल्ला केला. मनोहरदास गौड या किल्लेदाराने तो परतवून लावला. पुष्कळ मावळे कामी आले. महाराज हट्टाने तेथे अडून राहिले नाहीत. ते मागे फिरले. त्याच वर्षी जून महिन्यात मोरोपंत पिंगळ्यांनी हाच गड घेतला. मुलांनो, माघार घेणे आणि हार मानणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माथा कोठे पळून जात नाही. तेथे पुन्हा जाण्यासाठी माणसे सुखरूप परतली पाहिजेत.”

चौथ्या दिवशी दुपारी गुरुजींनी खाचरात एक सरळ काठी रोवली. थोड्या थोड्या वेळाने आम्ही तिच्या सावलीच्या टोकाशी खडे ठेवीत गेलो. सावली सर्वांत आखूड झाली, तेव्हाची रेघ त्यांनी जमिनीवर ओढली. ती उत्तर-दक्षिण दिशा होती. तिला काटकोनात दुसरी रेघ ओढली; ती पूर्व-पश्चिम. “आता सांगा, काल सूर्य कोठे मावळला?” त्यांनी विचारले. आम्ही माहुलीच्या किंचित उजवीकडे बोट दाखविले. ते ठिकाण पश्चिमेच्या रेघेपासून डावीकडे पुष्कळच सरकलेले होते! सूर्य बरोबर पश्चिमेस मावळतो तो वर्षातून दोनच दिवशी, मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत. पौषात तो दक्षिणेकडे झुकलेला असतो. भूगोलाच्या पुस्तकात मी हे वाचले होते व त्यावरच्या प्रश्नाला पूर्ण गुणही मिळविले होते. पण टेकडीवर ते मला आठवले नव्हते.

शिबिर संपले. आम्ही चुली पाण्याने विझविल्या, राख हाताने चाचपून थंड झाल्याची खात्री केली आणि खाचर होते तसे स्वच्छ केले. चार दिवसांत कोणाचा स्वभाव मुळापासून पालटला, असे मी म्हणणार नाही. मी पुढेही अनेकदा घाई केली आणि अनेकदा चुकलो. परंतु एक फरक पडला. ‘माझे चुकले’ हे दोन शब्द उच्चारल्याने माणूस लहान होत नाही आणि ते वेळेवर उच्चारले तर सात जणांना वाट सापडते, हे मी स्वतः अनुभवले होते.

शाळेत परतल्यावर पहिल्याच दिवशी मी माझे दप्तर उचलले आणि शेवटच्या बाकावर त्या मुलाशेजारी जाऊन बसलो. त्याने काही न बोलता थोडे सरकून जागा करून दिली.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) शिबिरातील तीन नियम कोणते होते?
(आ) ताराबाई मोडक यांनी शाळा कुरणात का नेली?
(इ) लॉरेन्स होल्ट यांच्या ध्यानात कोणती विलक्षण गोष्ट आली?
(ई) लेखकाचा दिशेचा हिशेब कोठे चुकला?

२. ‘परतीची वाट जातानाच बघून ठेवायची’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. गटनायकाने कड्यापाशी दुसऱ्या कोणावर दोष ढकलला असता, तर पुढे काय घडले असते? आपापसांत चर्चा करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: तग धरणे, कामी येणे, निमूटपणे परतणे, मन हलके होणे.

५. शाळेच्या मैदानात एक काठी रोवून तिच्या सर्वांत आखूड सावलीवरून उत्तर दिशा शोधा. त्या दिवशी सूर्य पश्चिमेच्या कोणत्या बाजूस मावळतो, ते पाहून वहीत नोंदवा.